बाळ टक लावून बघतंय म्हणजे शिकतंय का?

आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या मैत्रिणीचा मुलगा आता नऊ महिन्यांचा झालाय, तिची सुट्टी संपत आलीय, पुढच्या महिन्यात परत भांडुप ते सीएसएमटी सुरू होणार. परवा लिफ्टपाशी भेटली तेव्हा म्हणाली, ताई तुम्ही तुमच्या मुलीला कुठलं चॅनेल लावायचात, जरा लवकर बोलायला लागेल, रंगबिंग ओळखायला लागेल असं काहीतरी सांगा ना, आणि लगेच पुढे म्हणाली की परवा एक लावून बघितलं तर काय मन लावून बघतो हो, पापणीसुद्धा हलवत नाही. मी उभ्या उभ्या दोन वाक्यं बोलले तेवढ्यात लिफ्ट आली आणि ती गेली. तिला जे सांगायचं राहिलं ते इथे नीट लिहितेय, कारण हाच प्रश्न मला बालवाडीच्या गेटवर, ट्रेनमध्ये, बारशाला, सगळीकडे विचारला जातो आणि मुलगी तान्ही होती तेव्हा मलाही पडलेला होता.

तर पहिल्यांदा ते "पापणी हलवत नाही" बघूया, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. एखादी गोष्ट अचानक हलली, चमकली, आवाज बदलला की आपली मान आपोआप तिकडे वळते, हे उपजत असतं, त्यासाठी काही समजावं लागत नाही. पावलोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वीच हे लिहून ठेवलंय. बाळांच्या बऱ्याच व्हिडिओत दर दोन-तीन सेकंदांनी चित्र बदलतं, त्यामुळे मान वळते आणि परत दुसरीकडे जाण्याआधीच नवीन काहीतरी येतं, म्हणून नजर तिथेच धरून ठेवली जाते. आपल्याला वाटतं बाळ किती एकाग्र झालंय. एकाग्र होणं आणि धरून ठेवलं जाणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं हीच तर अडचण आहे.

यावर अमेरिकेत एक फार छान प्रयोग झालाय, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. मुलं आणि टीव्ही या विषयावर कित्येक वर्षं काम केलेले डॅनियल अँडरसन त्यात होते. त्यांनी लहान मुलांचा एक प्रसिद्ध कार्यक्रम घेतला आणि तो मुद्दाम बिघडवला, म्हणजे एकदा सगळे शॉट कापून उलटसुलट जोडले, आणि एकदा त्यातलं बोलणं चक्क उलटं वाजवलं. मग सहा महिने, एक वर्ष, दीड वर्ष आणि दोन वर्षं अशा वयाच्या मुलांना चांगला आणि बिघडवलेला असे दोन्ही दाखवले. दीड आणि दोन वर्षांची मुलं धड कार्यक्रम जास्त वेळ बघायची, बिघडलेल्याकडे कमी लक्ष द्यायची. पण सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या बाळांना काहीच फरक पडला नाही, बोलणं उलटं असो की सुलटं, ती तेवढाच वेळ बघत राहिली. आता ज्या बाळाला हे कळत नाही की बोलणं उलटं वाजतंय, ते त्या व्हिडिओतून बोलायला शिकेल अशी आशा आपण कशाच्या जोरावर ठेवायची?

मैत्रिणीच्या घरी तेच चाललंय. तो बघतोय हे शंभर टक्के खरं आहे. त्याला काय दिसतंय हे मात्र आपण आपल्या मनाने ठरवतोय.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण मला स्वतःला हा सगळा विषय तिथे कळला, अभ्यास नंतर वाचले. मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा मी स्वयंपाक करताना तिला एक इंग्लिश व्हिडिओ लावून द्यायचे, त्यात पिवळं बदक यायचं आणि ती "डक" म्हणायची, अगदी बरोब्बर वेळेवर, बदक दिसायच्या अर्धा सेकंद आधीच. आम्ही खूश. पण बाथरूममध्ये तिच्या टबात तसंच पिवळं रबरी बदक रोज तरंगायचं आणि त्याला ती कधीच डक म्हणाली नाही, मी विचारायचे हे काय आहे गं, तर ती ते तोंडात घालायची.

त्याच महिन्यात सासूबाई तिला कडेवर घेऊन किचनच्या खिडकीत उभ्या राहायच्या आणि ग्रिलवर पोळीचा तुकडा ठेवायच्या. कावळा यायचा. तो आला की आधी मुलगी बघायची, मग सासूबाई तिच्या नजरेकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "कोण आलं गं? काऊ आला?" ती म्हणायची "आऊ". "हो गं बाय माझी, काऊच आला, पोळी खातोय बघ." मग तो उडायचा, मुलगी हात पुढे करायची, सासूबाई म्हणायच्या "गेला, भुर्र गेला." बस्स एवढंच, दिवसातून दोनदा. आठवड्याभरात गच्चीवरचा कावळा आऊ झाला, रिक्षातून दिसलेला आऊ झाला, पुस्तकातला काळा ठिपका आऊ झाला, आणि एकदा कबुतरालासुद्धा ती आऊ म्हणाली, जे चुकीचं असलं तरी त्यातून कळतं की शब्द तिच्या ताब्यात आलाय आणि ती तो स्वतःच्या मनाने लावून बघतेय.

डक आणि आऊमध्ये काय फरक होता? दोन्ही शब्द सोपे, दोन्ही पक्षी, आणि व्हिडिओत तर आवाज स्पष्ट, रंग झगमगीत, शिवाय रोज वीस वेळा. फरक असा की खिडकीत शब्द तेव्हा यायचा जेव्हा मुलीची नजर कावळ्यावर असायची, आणि ती काही बोलली की समोरून तिच्या बोलण्याला धरून उत्तर यायचं. व्हिडिओतल्या बाईला मुलगी दिसतच नाही. मुलगी "डक" म्हणाली काय, रडली काय, उठून गेली काय, ती बाई "वेरी गुड" म्हणतेच. दीड-दोन वर्षांच्या मुलाला हे फार लवकर कळतं की ही पेटी माझ्याशी बोलत नाहीये, आणि मग तिच्यात दिसणारं त्याच्या जगाला जोडलं जात नाही.

तज्ज्ञ याला व्हिडिओ डेफिसिट म्हणतात, म्हणजे हीच गोष्ट समोर माणसाने दाखवली तर मूल जेवढं शिकतं त्यापेक्षा व्हिडिओतून कमी शिकतं, आणि हे साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत ठळक दिसतं. जॉर्जीन ट्रोसेथ आणि ज्युडी डीलोश या दोघींचा १९९८ चा प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे. दोन वर्षांचं मूल, शेजारच्या खोलीत एक खेळणं लपवलं जातंय. काही मुलांना ते खिडकीच्या काचेतून दाखवलं, काहींना टीव्हीवर, तेही त्याच क्षणी. मग सांगितलं जा, शोधून आण. काचेतून बघितलेली मुलं बहुतेक वेळा थेट जाऊन खेळणं घेऊन आली. टीव्हीवर बघितलेली गोंधळली. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र टीव्हीवर बघूनही जमलं, म्हणजे सहा महिन्यांत एवढा फरक! आणि यातली मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही की काही दोन वर्षांच्या मुलांना टीव्हीच असा खिडकीच्या चौकटीत बसवून दाखवला की त्यांना वाटलं आपण खिडकीतूनच बघतोय, तर त्यांना जमलं. चित्र तेच, खेळणं तेच. म्हणजे डोळ्यांना दिसत नाही असं काही नाही, "टीव्हीतलं हे इथलंच आहे" हे त्या वयात डोक्यात बसत नाही. टबातलं बदक आणि मोबाईलमधलं बदक माझ्या मुलीसाठी दोन वेगवेगळ्या गावचे होते.

भाषेचंही तसंच. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या नऊ महिन्यांच्या इंग्लिश घरातल्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, बारा वेळा बसवून. एका गटात चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून पुस्तकं वाचायची, खेळणी दाखवायची. दुसऱ्या गटाला तीच माणसं व्हिडिओवर. प्रत्यक्ष माणसांबरोबर बसलेल्या बाळांना चिनीतले बारीक आवाज वेगळे ओळखता यायला लागले, व्हिडिओवाल्या बाळांना काहीच आलं नाही, जणू त्यांनी ते ऐकलंच नव्हतं.

मग व्हिडिओ कॉल? हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे कारण अर्ध्या मुंबईची आजी-आजोबा मंडळी गावाला आहेत. सासूबाई मे महिन्यात सावंतवाडीला जातात तेव्हा रोज संध्याकाळी कॉल होतो, त्या पदराआड लपतात, "आजी कुठाय?", मुलगी ओरडते, पदर खाली. हे चालतं, यात अपराधी वाटून घ्यायचं कारणच नाही. २०१४ मध्ये दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला, त्यात मुलं व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून नवीन क्रियापदं शिकली, जवळजवळ समोर बसलेल्या माणसाकडून शिकावी तशी, पण तशाच माणसाचं रेकॉर्डिंग लावलं तर शिकली नाहीत. स्क्रीन तीच, फक्त एकीकडे पलीकडचं माणूस मुलाला उत्तर देतंय. म्हणून तर डॉक्टरांच्या नियमांतही व्हिडिओ कॉल वगळलेला असतो.

आता बाजाराचं. बाळांसाठी खास व्हिडिओ हा धंदा यूट्यूबच्या आधीचा आहे, नव्वदच्या दशकात अमेरिकेत बेबी आईनस्टाईन नावाच्या कॅसेट आणि नंतर डीव्हीडी आल्या, २००१ मध्ये डिस्नेने ती कंपनी विकत घेतली, आणि बाळं यातून शिकतात या समजुतीवर टीका वाढत गेल्यावर २००९ मध्ये डीव्हीडी परत करून पैसे घ्या अशी सोय त्यांना करावी लागली. २०१० मध्ये डीलोश यांच्याच टीमने बाळांची एक लोकप्रिय डीव्हीडी वर्ष ते दीड वर्षाच्या मुलांना महिनाभर घरी दाखवायला लावली, आठवड्यातून बऱ्याच वेळा. शेवटी मोजलं तर डीव्हीडी बघितलेल्या आणि न बघितलेल्या मुलांच्या शब्दांत फरक नाही. सगळ्यात जास्त शब्द कुठल्या मुलांना आले? ज्यांच्या आईबाबांना फक्त शब्दांची यादी दिली होती आणि सांगितलं होतं की रोजच्या कामात जमेल तसं शिकवा. आणि अजून एक, ज्या आईबाबांना ती डीव्हीडी आवडली होती त्यांना वाटत होतं की मूल त्यातून खूप शिकलंय. हे वाचून मला आमचं ते बरोब्बर वेळेवरचं "डक" आठवलं.

पण याचा अर्थ सगळे व्हिडिओ टाकाऊ असा घेऊ नका, मी तसं म्हणत नाहीये. मूल तीन वर्षांच्या आसपास आलं की परिस्थिती बदलते. अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ ला सेसमी स्ट्रीट सुरू झालं, तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, आणि गरीब घरची मुलं शाळेत जाताना मागे राहू नयेत हा त्यामागचा हेतू होता. त्यांनी काय केलं बघा. एडवर्ड पामर नावाचे संशोधक मुलांना टीव्हीसमोर बसवायचे आणि बाजूला एक स्लाइड प्रोजेक्टर ठेवायचे, त्यावर दर साडेसात सेकंदांनी नवीन चित्र यायचं. मुलाने टीव्हीवरून नजर काढून स्लाइडकडे बघितलं की लिहून ठेवायचं, कुठल्या जागी कंटाळा आला. मग तो भाग बदलायचा. शिवाय मुलांना जे शिकवायचंय ते आलं का हे वेगळं तपासायचं. नुसतं बघितलं की झालं, असं त्यांनी मानलं नाही. पुढे फिलिप लेव्हाइन आणि मेलिसा कर्नी या दोन अर्थतज्ज्ञांनी जुनी माहिती काढून बघितली, की तेव्हा ज्या भागात सेसमी स्ट्रीट दाखवणाऱ्या चॅनेलचं सिग्नल नीट पोचायचं तिथल्या मुलांचं शाळेत आपल्या वयाच्या इयत्तेत टिकून राहण्याचं प्रमाण जिथे सिग्नल खराब होतं त्यापेक्षा जास्त होतं. आपल्याकडे २००६ मध्ये त्याचंच गली गली सिम सिम आलं, बऱ्याच जणांना आठवत असेल.

म्हणजे चांगला व्हिडिओ असतो. ओळखायचा कसा, तर मी जे करते ते सांगते. आधी एकटीने आवाज बंद करून एक मिनिट बघायचा आणि चित्र किती वेळा बदलतं ते मोजायचं. वीस-पंचवीस वेळा बदललं तर मी तो लावत नाही, हा आकडा माझा आहे, कुठल्या डॉक्टरांचा नाही. पण वेगाबद्दलची काळजी हवेतली नाहीये, २०११ मध्ये अमेरिकेत साठ मुलांवर, सगळी चार वर्षांची, एक प्रयोग झाला होता, काहींना नऊ मिनिटं भरधाव कार्टून दाखवलं, काहींना संथ शैक्षणिक कार्यक्रम, आणि काहींना खडू देऊन चित्रं काढायला बसवलं. लगेच नंतर थांबायचं, लक्षात ठेवायचं, ऐकून नेमकं करायचं असे छोटे खेळ घेतले तर भरधाव कार्टूनवाली मुलं मागे पडली. किती वेळ तसं राहतं हे त्यात मोजलेलं नाही, पण फक्त नऊ मिनिटं होती ती.

दुसरं, व्हिडिओतलं माणूस प्रश्न विचारून थांबतं का. "टोमॅटो कुठाय?" विचारून लगेच स्वतःच ओरडणारे शेकडो आहेत, चार-पाच सेकंद गप्प राहणारे थोडे. तिसरं, एका व्हिडिओत एकच गोष्ट आहे का, की रंग, आकडे, एबीसीडी, ट्रॅक्टर, आईस्क्रीम, राक्षस सगळं एकाच पातेल्यात ढवळलंय. आणि मूल तोच तोच व्हिडिओ मागत असेल तर द्या बिनधास्त. आपल्याला वीट येतो, त्याला नाही, पहिल्यांदा बघताना अर्धं निसटलेलं असतं आणि तिसऱ्या-चौथ्यांदा ते कळायला लागतं. ब्लूज क्लूज नावाचा कार्यक्रम सुरुवातीला एकच भाग आठवड्यातले पाचही दिवस दाखवायचा, मुद्दाम, आणि मुलं पाचव्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त उत्तरं द्यायची.

यूट्यूबवरचे सगळे असे तपासून बनवलेले नसतात हे लक्षात घ्या. तिथे मूल किती वेळ बघत राहिलं यावर खेळ चालतो, काय शिकलं हे कोणी मोजत नाही, नावात लर्निंग लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. २०१९ मध्ये मुलांची माहिती आईबाबांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याच्या प्रकरणात गूगल आणि यूट्यूबने अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरले, आणि २०२० पासून मुलांच्या व्हिडिओंवर व्यक्तीनुसार जाहिराती बंद झाल्या, पण मोठ्यांच्या नेहमीच्या यूट्यूबवर एकानंतर एक आपोआप सुरू होणं आपण बंद केल्याशिवाय थांबत नाही. म्हणून ऑटोप्ले पहिला बंद करा. यूट्यूब किड्समध्ये आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सेटिंग आहे, सर्चसुद्धा बंद करता येतो, दहा मिनिटांचं काम आहे, एका रविवारी बसून करून टाका. माझ्या मोबाईलमध्ये सहा व्हिडिओ डाउनलोड केलेले आहेत, संपले की संपले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी बसणं, पण नुसतं बसून आपला मोबाईल बघणं नव्हे. मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे, रंगांचा एक व्हिडिओ तिला आवडतो, त्यात "येलो" आलं की मी थांबवते आणि विचारते, आपल्या घरात पिवळं काय आहे? ती पळत जाऊन हळदीचा डबा दाखवते, देवाजवळचं झेंडूचं फूल आणते, एकदा बाबांचा टी-शर्ट वाळत घातलेला ओढून आणला. इंग्लिशमधला येलो तिथे पिवळा होतो आणि हाताला लागतो. एवढ्यात व्हिडिओ कधीकधी विसरूनच जातो, जाऊ दे. आपल्याच पालघरच्या किनारपट्टीवर बोर्डीला आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बालशिक्षणाचं जे काम उभं केलं त्यात शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य होतं, गावात मिळेल ते, आणि मला वाटतं मुंबईच्या वन रूम किचनमध्येही ओट्याखाली तेवढा खजिना निघतो.

एक गोष्ट आपल्या घरांत फार असते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे मागे सुरू असलेला टीव्ही. मूल तर बघतच नाहीये, मालिका मोठ्यांची आहे, मग काय बिघडतं? २००८ मध्ये एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना तासभर खेळायला सोडलं, त्यातला अर्धा तास मागे मोठ्यांचा कार्यक्रम चालू. मुलं टीव्हीकडे अगदी थोडा वेळ बघत होती, तरी टीव्ही चालू असताना त्यांचा खेळ तुटक व्हायला लागला, एक खेळ हातात घ्यायचा, सोडायचा, दुसरा घ्यायचा. दुसऱ्या अभ्यासात हेही दिसलं की टीव्ही चालू असला की आईबाबा मुलाशी कमी बोलतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असताना आजोबांना टीव्ही बंद करा म्हणणं सोपं नाही हे मला माहितीये, आमच्याकडे तोडगा असा निघाला की सातपासून साडेसातपर्यंत बातम्या, मग मुलगी झोपेपर्यंत बंद, आणि मालिका नंतर मोबाईलवर हेडफोन लावून. हे ठरायला दोन महिने लागले.

नियम विचाराल तर थोडक्यात, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत बसून बघायचा स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं चांगलं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०२१ च्या सूचनाही साधारण तशाच आहेत, दोनच्या आत व्हिडिओ कॉल सोडून काही नको, दोन ते पाच एक तासाच्या आत आणि मोठ्यांच्या देखरेखीत.

आणि ज्या आया सकाळी साडेसातची लोकल पकडून संध्याकाळी आठला घरी येतात आणि कुकर लावायला वीस मिनिटं हवी म्हणून मोबाईल देतात, त्यांना मी एक शब्दही बोलणार नाही. दोन-अडीचच्या पुढच्या मुलाला एखादा संथ, बरा व्हिडिओ वीस मिनिटं दिला तर आकाश कोसळत नाही. फक्त त्याला आपल्या मनात "शिकवणी" म्हणू नका, ती वीस मिनिटं आपली आहेत, आपल्या हातांना मोकळं करण्यासाठी घेतलेली, असं स्वतःशी स्पष्ट असलं की मग उरलेल्या वेळात बोलणं आपोआप होतं. मला राग येतो तो त्या जाहिरातींचा ज्या थकलेल्या आईला सांगतात की हे लावलं नाहीत तर तुमचं मूल मागे राहील.

काल रात्री मैत्रिणीकडे डबा परत द्यायला गेले तेव्हा हे सगळं थोडक्यात तिला सांगितलं. ती म्हणाली ठीक आहे ताई, नाही लावत, पण मग मी भाजी चिरताना याला ठेवू कुठे? मी म्हटलं इथेच, खाली, चटईवर. तिने स्टीलची वाटी आणि चमचा दिला, त्याने एकदा आपटला आणि दचकून आमच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "टण्ण झालं?" त्याने परत आपटला. ती परत म्हणाली टण्ण. तिसऱ्या वेळी त्याने आपटायच्या आधीच तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हात वर धरून थांबला.